शेजारच्या गावचा पोलीस ऐकतोय का?

न्यू जर्सीत राहणारी मराठी माणसं, किंवा मुलांकडे सहा महिने राहून परत गेलेले आईबाबा, या सगळ्यांना ओक ट्री रोड माहीत असतोच. साड्या, सोनं, मिठाई, डोसे, सगळं एका रस्त्यावर. त्या रस्त्याने चालत गेलात की मध्येच कुठेतरी एडिसन संपतं आणि आयसेलिन सुरू होतं, आपल्याला कळतही नाही, पण तिथे पोलीस बदलतो. एडिसनचं पोलीस खातं वेगळं, आयसेलिन येतं वुडब्रिजमध्ये, त्यांचं वेगळं. आणि एडिसनच्या अगदी पोटात, चारी बाजूंनी वेढलेलं मेटाचन नावाचं छोटं गाव आहे, त्याचंसुद्धा स्वतःचं पोलीस खातं आहे. शिवाय काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) शेरीफ, राज्याचे स्टेट पोलीस, रेल्वे-बसचे ट्रान्झिट पोलीस हे आणखी वेगळे. एकट्या न्यू जर्सीत साडेपाचशेच्या वर नगरपालिका आहेत, आणि अख्ख्या अमेरिकेतली पोलीस खाती मोजली तर आकडा साधारण १८,००० च्या घरात जातो.

इथे राहायला आल्यापासून मला एकच प्रश्न पडायचा. चोराने एडिसनमध्ये गाडी पळवली आणि पाच मिनिटांत तो वुडब्रिजमध्ये शिरला, तर हा पोलीस त्या पोलिसाला सांगतो कसं? दोघांकडे वायरलेस असतो हे दिसतंय, खांद्यावर लावलेला, गाडीत बसवलेला. मग बोलत असतील की सरळ! मला रेडिओचा नाद आधीपासूनच होता म्हणून मी यात शिरलो आणि हळूहळू कळलं की दोन पोलीस शेजारी शेजारी उभे असूनसुद्धा, दोघांचे सेट चालू असूनसुद्धा, एकमेकांशी बोलू शकत नाहीत असं वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि काही ठिकाणी अजूनही होतं. एका अपघाताच्या जागी मी स्वतः बघितलंय, एका खात्याचा माणूस दुसऱ्या खात्याच्या माणसाला रस्त्यापलीकडून ओरडून सांगत होता की अँब्युलन्स कुठल्या बाजूने येतेय, आणि दोघांच्या छातीवर हजारो डॉलरचे सेट लटकत होते.

हे असं का होतं ते समजायला आधी एक साधी गोष्ट. आपल्या मोबाईलमधल्या एफएमवर मीडियम वेव्हचं आकाशवाणी केंद्र लावून बघा. लागणारच नाही, कितीही बटणं दाबा. केंद्र चालू आहे, लहरी तुमच्या घरातून जातायत, पण तुमच्या सेटला त्या पट्ट्यातलं ऐकायचे कानच नाहीत. पोलिसांच्या रेडिओचंही तसंच आहे. बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची फ्रिक्वेन्सी एक पाहिजे, दोघांचा पट्टा (म्हणजे जवळजवळच्या फ्रिक्वेन्सींचा गट) एक पाहिजे, आवाज लहरींवर चढवायची पद्धत एक पाहिजे, आणि आता तर आवाजाला लावलेल्या कुलपाची किल्लीसुद्धा एक पाहिजे. या चारातलं एक जरी जुळलं नाही तरी समोर शांतता.

सुरुवातीला मात्र सगळे एकमेकांचं ऐकू शकत होते, आणि तेही कुणी न ठरवता.

रेडिओच्या आधी पोलिसाकडे शिट्टी होती, दांडा होता, आणि १८८० च्या सुमारास शिकागोसारख्या शहरांत चौकाचौकात टेलिफोनच्या पेट्या बसल्या, म्हणजे गस्तीवरचा पोलीस ठराविक वेळाने पेटीपाशी जाऊन ठाण्याशी बोलायचा. ठाण्याला त्याच्याशी बोलायचं असेल तर पेटीवर दिवा लावायचे, आणि त्याला तो दिसेपर्यंत वाट बघायची. मग मोटारी आल्या. चोर मोटारीत आणि पोलीस पेटीपाशी, हे चालणार कसं. डेट्रॉईट तर मोटारींचंच शहर, वर दारूबंदीचा काळ, आणि नदीपलीकडे कॅनडा, तिकडून दारू रात्रीची बोटीने यायची. तिथल्या पोलिसांनी १९२१ पासून गाडीत रेडिओ बसवायचे प्रयोग केले. खड्ड्यांत गाडी आदळली की सेटची सेटिंग हलायची, काही ऐकू यायचं नाही. त्यात सरकारी लायसन्स मिळालं ते मनोरंजनाच्या रेडिओ केंद्राचं, त्यामुळे चोरीच्या गाडीचा नंबर सांगायच्या आधी संगीत वाजवायची पाळी. केनेथ कॉक्स नावाचा पोलीस आणि रॉबर्ट बॅट्स नावाचा तरुण, दोघं चिकाटीने लागून राहिले, बॅट्सने धक्के सोसणारा सेट बनवला, आणि एप्रिल १९२८ मध्ये डेट्रॉईटच्या गस्तीच्या गाड्यांना नियमित रेडिओवरून निरोप जायला लागले.

पण हे बोलणं एकतर्फी होतं. अगदी दवंडीसारखं. दवंडीवाला ओरडून पुढे जातो, कुणी ऐकलं की नाही ते त्याला कळत नाही. गाडीतला पोलीस ऐकायचा, कामाला लागायचा आणि सांगायचं काही असेल तर पुन्हा टेलिफोन शोधायचा. आणि हे निरोप घरगुती रेडिओच्या पट्ट्याच्या जरासंच पलीकडे जायचे, म्हणजे घरचा रेडिओ अगदी टोकापर्यंत फिरवला की पोलीस ऐकू यायचे. लोक संध्याकाळी तेच ऐकत बसायचे. चोरही ऐकायचे, म्हणून काही राज्यांनी खाजगी गाडीत पोलिसांचा रेडिओ बसवायला कायद्याने बंदी घातली.

आता यात मजेशीर गोष्ट अशी की ट्रान्समीटर महाग आणि रिसीव्हर त्या मानाने स्वस्त. त्यामुळे आजूबाजूच्या लहान गावांनी काय केलं, स्वतःचं केंद्र न काढता नुसते रिसीव्हर घेतले आणि मोठ्या शहराचं केंद्र ऐकायला लागले. मोठं शहर त्यांच्यासाठीही निरोप वाचायचं. म्हणजे पोलीस खात्यांचं रेडिओवरचं पहिलं सहकार्य हे पैसे नव्हते म्हणून झालं! मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे पैसे आले आणि नेमकं तेच तुटलं.

१९३३ मध्ये गाडीतून उलट बोलायची सोय झाली, ती पहिल्यांदा आमच्या इथून अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या बेयोन गावात. आता गाडी बोलू शकते, कंट्रोल बोलू शकतो, गाडी गाडीशी बोलू शकते. पण त्या काळच्या फ्रिक्वेन्सी थोड्या आणि शहरं भरपूर, रात्री त्या लहरी शेकडो मैल जायच्या, एका शहराचं बोलणं दुसऱ्या शहरात घुसायचं. मग लांबच्या शहराला काही कळवायचं असेल तर? त्यासाठी वेगळं जाळं उभं राहिलं आणि ते चालायचं मोर्स कोडवर, टिंब आणि रेघा. एका विभागातली शहरं आपल्या मुख्य केंद्राला निरोप द्यायची, ते केंद्र पुढच्या विभागाला, तिथून आणखी पुढे, असा हातोहात. चोरीच्या गाडीचा नंबर, पळून गेलेला पोरगा, फरार माणसाचं वर्णन. आवाज खरखरीत बुडतो पण टिंब-रेघ कान देऊन बसलेल्या ऑपरेटरला ऐकू येते म्हणून मोर्स. नंतर टेलिप्रिंटर आले, १९६६ पासून राज्याराज्यांतल्या पोलिसांचं देशभराचं संदेश-जाळं झालं, १९६७ मध्ये एफबीआयचा फरार माणसं आणि चोरीच्या वस्तूंचा कॉम्प्युटर सुरू झाला, आणि मोर्स मागे पडलं. आपल्याकडेही हेच काम करणारं खातं आहे बरं का, १९४६ साली स्थापन झालेलं, केंद्राच्या गृहखात्याखालचं, पोलीस वायरलेसचा समन्वय बघणारं, राज्यांच्या राजधान्यांमध्ये त्याची केंद्रं आहेत. आणि महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागाचं मुख्यालय पुण्यात, पाषाण रोडला.

परत अमेरिका. १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी अख्ख्या राज्यात एफएमचे दुतर्फी सेट बसवले, डॅनियल नोबल नावाच्या तिथल्या प्राध्यापकाने ते उभं केलं. याआधी जे होतं ते एएम, त्यात आवाज लहरीच्या कमी-जास्त ताकदीतून जातो, आणि गाडीच्या इंजिनाची ठिणगी, वीज कडाडणं, हे सगळंसुद्धा ताकदीतच मिसळतं म्हणून खरखर. एफएममध्ये आवाज लहरीची कंपनं भराभर-सावकाश होण्यातून जातो, ताकद वरखाली झाली तरी फरक पडत नाही, खरखर गळून पडते. कनेक्टिकटचं बघून सगळ्यांना एफएम हवं झालं.

आणि इथून खरे फाटे फुटले. सुरुवातीचे एफएम सेट ३०-४० मेगाहर्ट्झच्या आसपास. महायुद्धानंतर १५० चा पट्टा खुला झाला, मग ४५० चा, मग ८०० चा. प्रत्येक वेळी ज्याच्याकडे पैसे तो नव्या पट्ट्यात गेला कारण तिथे गर्दी कमी, अँटेना लहान, बिल्डिंगमध्ये सिग्नल बरा. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो जुन्यात राहिला. खेड्यापाड्यात डोंगर-जंगल असेल तर मुद्दाम खालच्या पट्ट्यात राहणंच शहाणपणाचं कारण त्या लहरी लांब जातात. म्हणजे कुणीही चुकीचं वागलं नाही, प्रत्येकाने आपल्या गावासाठी बरोबरच निर्णय घेतला, आणि सगळ्यांचे बरोबर निर्णय मिळून शेजारी शेजाऱ्याला बहिरा झाला. एकाच सेटमध्ये सगळे पट्टे ही सोय तर अगदी अलीकडची, आणि तो सेट महाग.

त्यावर पहिला उपाय साधा होता: एक चॅनेल सगळ्यांसाठी राखून ठेवायचं. देशभर पोलिसांच्या आणीबाणीसाठी १५५.४७५ मेगाहर्ट्झ राखीव आहे. बऱ्याच राज्यांत १५५.३७० वर एका गावची कंट्रोल रूम दुसऱ्या गावच्या कंट्रोल रूमशी बोलते. कॅलिफोर्नियाने स्वतःचं एक सामायिक चॅनेल केलं, इलिनॉयने केलं, आणि आमच्या न्यू जर्सीत स्टेटवाइड पोलीस इमर्जन्सी नेटवर्क आहे, त्याला सगळे स्पेन म्हणतात, त्यामुळे बाहेरच्याला वाटेल युरोपातल्या देशाबद्दल बोलतायत. ओक ट्री रोडवरचा तो चोर वुडब्रिजला पळाला तर एडिसनची कंट्रोल रूम असं सामायिक चॅनेल किंवा सरळ फोन वापरणार.

पण चॅनेल एक झालं म्हणजे भाषा एक झाली असं नाही. आपण म्हणतोच बारा कोसांवर भाषा बदलते. पोलिसांची ती १०-४ वगैरे आकड्यांची भाषा, ती १९३७ मध्ये इलिनॉय स्टेट पोलिसांकडच्या चार्ल्स हॉपरने बसवली. त्यामागचं कारण मला फार आवडतं. त्या वेळच्या सेटचं बटण दाबलं की आत एक मोटर फिरायला लागायची आणि ती वेगात येईपर्यंत क्षणभर जायचा, त्या क्षणातला पहिला शब्द गिळला जायचा. म्हणून प्रत्येक आकड्याआधी एक बिनकामाचा शब्द ठेवला, टेन. तो गिळला गेला तरी चालेल, पुढचा आकडा पोचला पाहिजे. किती विचार केलाय बघा! पण पुढे प्रत्येक खात्याने आपापल्या सोयीने आकड्यांचे अर्थ बदलले. मूळ यादीत १०-१३ म्हणजे हवामान आणि रस्त्याची स्थिती. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसात १०-१३ म्हणजे पोलीस संकटात आहे, सगळं टाकून धावा. एक माणूस मदतीसाठी ओरडतोय आणि दुसऱ्याला वाटतंय पाऊस पडतोय का ते विचारतोय. म्हणून २००६ पासून केंद्र सरकारने सांगितलं की अनेक खाती एकत्र काम करत असतील तिथे साध्या इंग्रजीत बोला, नाहीतर अनुदान मिळणार नाही. आपल्या खात्यातल्या रोजच्या कामात आकडे वापरा, हरकत नाही.

हे सगळं किती जिवावर बेतू शकतं ते दोन तारखांमध्ये दिसतं. १३ जानेवारी १९८२, वॉशिंग्टन, भर बर्फात एअर फ्लोरिडाचं विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत पडलं, ७८ माणसं गेली, आणि अर्ध्या तासात तिथल्या मेट्रोचाही अपघात झाला. धावून आलेल्या खात्यांना एकमेकांशी रेडिओवर बोलता येत नव्हतं. या घटनेनंतर वॉशिंग्टनच्या आजूबाजूच्या काउंट्या बसल्या, करार केले, सराव केले, एकमेकांशी जुळणाऱ्या यंत्रणा घेतल्या.

आणि मग ११ सप्टेंबर २००१. त्याच दिवशी पेंटागॉनवर विमान आदळलं तेव्हा व्हर्जिनियातल्या या शेजारी खात्यांचं बऱ्यापैकी जमलं, कारण वीस वर्षांपूर्वी धडा घेतला होता. न्यूयॉर्कला मात्र पोलीस आणि अग्निशमन दलाचे रेडिओ वेगळे, अधिकारी वेगवेगळ्या जागी. ९:५९ ला दक्षिण टॉवर कोसळला. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून वरून जे दिसत होतं ते पोलिसांच्या चॅनेलवर ऐकू जात होतं, उत्तर टॉवरमध्ये जिने चढणाऱ्या फायरमनच्या सेटवर नाही. १०:२८ ला उत्तर टॉवर पडला. मधली २९ मिनिटं. त्या दिवशी ३४३ फायरमन गेले. सगळा दोष रेडिओचा नव्हता हेही खरं, काहींनी बाहेर पडायचा आदेश ऐकला आणि तरीही अडकलेल्यांसाठी ते थांबले. पण टॉवरमध्ये सिग्नल वाढवणारा रिपीटर बसवलेला होता आणि त्याच्या हँडसेटवरचं एक बटण दाबलंच गेलं नव्हतं, त्यामुळे उत्तर टॉवरमधल्या अधिकाऱ्यांना वाटलं तो बंदच आहे. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

आपल्याकडची रचना वेगळी आहे, आणि या एका बाबतीत ती फायद्याची आहे. महाराष्ट्रात राज्याचं एकच पोलीस दल, मुंबईत सगळ्या ठाण्यांवर एक कंट्रोल रूम. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी स्कोडा गाडी घेऊन गिरगाव चौपाटीकडे निघालेत असा निरोप वायरलेसवर गेला, डी. बी. मार्ग ठाण्याच्या पोलिसांनी तो ऐकला आणि चौपाटीवर नाकाबंदी लावली. तिथे तुकाराम ओंबळे उभे होते, हातात फक्त लाठी. पुढचं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मला त्यात ही बाजूही दिसते की एका हद्दीतला निरोप दुसऱ्या हद्दीतल्या ठाण्याला काही मिनिटांत कळला, मध्ये कुणाची परवानगी नाही, कुणाचा वेगळा पट्टा नाही. एडिसन आणि वुडब्रिजसारखं ते असतं तर?

आता आजचं. अमेरिकेत १९८९ मध्ये प्रोजेक्ट २५ नावाचं काम सुरू झालं, उद्देश एवढाच की कुठल्याही कंपनीचा डिजिटल सेट घेतला तरी तो दुसऱ्या कंपनीच्या सेटशी बोलला पाहिजे. याआधी कंपन्या आपापल्या पद्धती काढायच्या आणि एकदा एका कंपनीचं घेतलं की तिच्याच दारात उभं राहायचं. सोबत ट्रंकिंग आलं. ते असं समजा, रेल्वे स्टेशनवर पाच खिडक्या आणि प्रत्येकीची वेगळी रांग, तर एक रांग तुंबते आणि दुसरी खिडकी रिकामी. त्याऐवजी एकच रांग केली आणि जी खिडकी मोकळी तिथे पुढचा माणूस गेला, तर काम भराभर होतं. ट्रंकिंगमध्ये कॉम्प्युटर मोकळी फ्रिक्वेन्सी बघून बोलणाऱ्याला देतो, पोलिसाला कळतही नाही की प्रत्येक वाक्य वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर जातंय. यात पोलीस, फायर, अँब्युलन्स सगळे एकाच यंत्रणेवर राहू शकतात, लागलं तर एका गटात आणता येतात. ब्रिटनने तर देशभर एअरवेव्ह नावाची एकच यंत्रणा केली. अमेरिकेत राज्यवार, काउंटीवार चाललंय.

जिथे सेट जुळत नाहीत तिथे कंट्रोल रूममध्ये पॅच करतात, म्हणजे एका चॅनेलचा आवाज काढून दुसऱ्यात सोडायचा, अगदी दोन फोन एकमेकांना चिकटवून धरल्यासारखं, फक्त नीट यंत्राने. किंवा घटनास्थळी जास्तीचे सेट पेटीत भरून आणतात आणि वाटतात. किंवा आपला एक माणूस आपला सेट घेऊन दुसऱ्याच्या अधिकाऱ्याशेजारी उभा करतात. ऐकायला गावठी वाटेल पण हा शेवटचा उपाय कधी फेल जात नाही.

लोक विचारतात की मोबाईल आहेत की सगळ्यांकडे, मग हे कशाला? २०१२ च्या कायद्याने फर्स्टनेट उभं राहिलं, २०१७ ला ते काम एटी अँड टीला मिळालं, त्यात आणीबाणीवाल्यांना राखीव पट्टा आणि गर्दीत पहिला मान. फोटो, नकाशे, व्हिडिओ पाठवायला ते उत्तमच. पण टॉवर पडला, वीज गेली, तुम्ही तळघरात आहात, तर फोन फोनशी बोलत नाही. वॉकी-टॉकी बोलतो. मध्ये काहीही नसताना, एका सेटमधून निघालेली लहर सरळ दुसऱ्या सेटमध्ये. म्हणून पोलीस आणि फायरवाले अजूनही तो जड सेट सोडत नाहीत आणि मला ते बरोबरच वाटतं.

नवा पेच आहे तो कुलपाचा. डिजिटल आवाज एन्क्रिप्ट करता येतो, ज्याच्याकडे किल्ली त्यालाच ऐकू येणार. चोर ऐकतात ही १९३० पासूनची तक्रार त्याने मिटते, जखमी माणसाचं नाव-पत्ता हवेत फिरत नाही, आणि हे गरजेचं आहे. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ पासून आपली चॅनेलं अशी बंद करायला घेतली, त्यावर पत्रकार नाराज आहेत कारण वर्षानुवर्षं ते पोलिसांचा रेडिओ ऐकूनच घटनास्थळी पोचायचे. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण पोलीस-पोलीस बोलण्याच्या दृष्टीने बघाल तर वेगळीच भीती आहे: शेजारच्या गावाकडे तुमची किल्ली नसेल, किंवा होती पण तुम्ही बदललीत आणि कळवायचं राहिलं, तर पट्टा एक, फ्रिक्वेन्सी एक, पद्धत एक, आणि तरीही त्याला काही ऐकू येणार नाही. म्हणून सामायिक चॅनेलं शक्यतो उघडी ठेवा असा सल्ला जाणकार देतात.

आणि ती चालू आहेत का हे बघायला बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या वेळी हजेरी घेतात. एक कंट्रोल रूम चॅनेलवर येते, एकेका गावाचं नाव घेते आणि थांबते. ते गाव म्हणतं, ऐकू येतंय. मग पुढचं नाव. एखादं गाव बोललंच नाही तर त्याला फोन करतात.